कॉलेज बंद झालं आणि चालणंही: साथीच्या काळातलं विद्यार्थ्यांचं मन आणि व्यायाम

'कोविडच्या साथीच्या काळात विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य खालावलं, व्यायाम करणाऱ्यांना मात्र त्रास कमी' अशा अर्थाच्या बातम्या अजूनही अधूनमधून येतात. त्या काळात जगभरच्या विद्यापीठांनी विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. त्यांचे निष्कर्ष छापून यायचं अजून थांबलेलं नाही. बातमी वाचली की घरात दोन सूर निघतात. वडील म्हणतात, "बघ, तालमीला जा म्हणून सांगत होतो की नाही!" आई म्हणते, "पोरगं अंथरुणातनं उठंना झालंय, व्यायाम कुठला करतंय ओ?" दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. व्यायामानं मन सावरतं हे खरं, आणि मन खचलं की व्यायामच होत नाही हेही खरं. बातमीत बहुतेक वेळा पहिलंच वाक्य असतं.

मनाची खुशाली मोजायची कशी?

इंग्रजीत ज्याला 'वेलबीइंग' म्हणतात त्याला इथं आपण मनाची खुशाली म्हणू. आजार नसणं वेगळं आणि खुशाली असणं वेगळं. ताप उतरला म्हणजे अंगात ताकद आली असं होत नाही, तसंच आहे हे. एखाद्याला डॉक्टर नैराश्याचा आजार म्हणणार नाहीत, पण त्याचा दिवस मात्र ओढत ओढत जात असेल.

खुशाली मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची पट्टी बरीच वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का? शांत, निवांत वाटलं का? अंगात तरतरी होती का? झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का? रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं का? प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण: 'कधीच नाही'ला ०, 'कधीतरी'ला १, 'निम्म्याहून कमी वेळ'ला २, 'निम्म्याहून जास्त वेळ'ला ३, 'बहुतेक वेळ'ला ४ आणि 'सगळा वेळ'ला ५. बेरजेला ४ नं गुणायचं म्हणजे १०० पैकी गुण मिळतात. समजा एकाची उत्तरं २, १, १, २, २ अशी आली. बेरीज ८, गुण ३२. ५० च्या खाली गेलं की नीट चौकशी करायला हवी असं मानतात. महिन्याभरानं पुन्हा भरलं आणि १० गुणांचा फरक दिसला, तर तो दखल घेण्याजोगा. ही पट्टी घरीही भरता येते, मात्र तिच्यावरून आजाराचं नाव ठरवायचं नसतं. थर्मामीटर ताप दाखवतो, तो कशाचा आहे हे सांगत नाही.

आपल्याकडं, म्हणजे बेळगाव भागात, यात एक अडचण येते. फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, आणि भरणारी मुलगी घरात मराठी बोलणारी. 'तुम्हाला उदास वाटतं का' या प्रश्नावर ती सरळ 'नाही' लिहिते, कारण तो शब्द ती स्वतःसाठी वापरतच नाही. तिच्या तोंडी असतं: डोकं जड झालंय, अंगात जीव नाही, छातीत धडधडतंय, पित्त वाढलंय. घरच्यांनी हे शब्दही कान देऊन ऐकावेत. पित्ताची गोळी महिनाभर चालू आहे आणि झोपही बिघडली आहे, तर मनाची चौकशी करायला हरकत नाही.

२५ टक्के वाढ म्हणजे किती?

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य या आजारांचं जगभरातलं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं, आणि तरुणांना व स्त्रियांना जास्त झळ बसली. याचा अर्थ शंभरातले पंचवीस जण आजारी पडले असा होत नाही. आधी जिथं १०० रुग्ण होते तिथं १२५ झाले, असा त्याचा अर्थ. वाढ मोठीच आहे, पण 'दर चौथं पोर आजारी' असा मथळा केला तर तो चूक.

हरवलं ते मैदान की रस्ता?

११ मार्च २०२० ला कोविडला जागतिक साथ म्हणून जाहीर केलं गेलं. कर्नाटकात मार्चच्या मध्यालाच कॉलेजं बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. बेळगाव हे शिक्षणाचं गाव. व्हीटीयू या अभियांत्रिकीच्या विद्यापीठाचं मुख्यालय इथं, राणी चन्नम्मा विद्यापीठ इथं, केएलई ही शिक्षणसंस्था इथं. महाराष्ट्रातल्या चंदगडकडची मुलं शिनोळीची हद्द ओलांडून बेळगावला येतात, निपाणीकडची कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाकडं जातात. पुढं २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर या कोविड चाचणीचा निगेटिव्ह दाखला दाखवावा लागू लागला, तेव्हा रोजचं येणंजाणंही सरळ राहिलं नाही. वर्ग, वसतिगृह, मेस, एसटी, लायब्ररी, सगळं एकदमच गेलं.

यात व्यायाम किती गेला? ते मोजायला संशोधक 'मेट' नावाचं माप वापरतात. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं ते १ मेट. नेहमीच्या प्रश्नावलीत चालण्याला ३.३, मध्यम कष्टाला ४ आणि दमवणाऱ्या कष्टाला ८ मेट धरतात. मेट गुणिले मिनिटं केलं की आठवड्याचा हिशेब निघतो.

आता दोन विद्यार्थी घेऊ. पहिला बेळगावातल्या अनगोळचा, आठवड्यातून पाच दिवस तासभर तालमीत घाम गाळणारा. ५ × ६० × ८ म्हणजे २४०० मेट-मिनिटं. तालीम बंद, हिशेब शून्य. हे नुकसान सगळ्यांच्या नजरेत भरतं.

दुसरी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून बेळगावला कॉलेजला येणारी. घरापासून बसथांब्यापर्यंत १५ मिनिटं चालणं, बेळगावात उतरल्यावर कॉलेजपर्यंत २० मिनिटं, संध्याकाळी तेवढंच परत. दिवसाला ७० मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस धरले तर ४२० मिनिटं. गुणिले ३.३ केलं की १३८६ मेट-मिनिटं होतात. तज्ज्ञ किमान ६०० सांगतात, ही त्याच्या दुपटीहून पुढं होती. 'व्यायाम करतेस का?' असं विचारलं असतं तर तिनं साथीच्या आधीही 'नाही' म्हटलं असतं आणि नंतरही 'नाही'च म्हटलं असतं. तिचे १३८६ गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, तिच्या स्वतःच्यासुद्धा.

साथीच्या काळातलं मोठं नुकसान या दुसऱ्या जातीचं होतं असं आमचं ठाम मत आहे. जिम बंद पडल्या याची बातमी झाली. थांब्यापर्यंतचं चालणं, कॉलेजचे जिने, मैत्रिणीबरोबरची कँटीनपर्यंतची फेरी यांची झाली नाही. त्या चालण्याबरोबर आणखी तीन गोष्टी गेल्या: ठरल्या वेळी उठणं, सकाळचं ऊन आणि घराबाहेरच्या माणसाशी बोलणं. मनासाठी या तिन्ही गोष्टी व्यायामाइतक्याच लागतात.

शरीर हललं की मनाचं काय होतं?

'घाम आला की आनंदाचं रसायन सुटतं' एवढ्यावर बहुतेक लेख थांबतात. रसायनं सुटतात, पण त्यांचा परिणाम काही तासांचा. टिकाऊ फायदा दुसऱ्या वाटांनी येतो.

सगळ्यात मोठी वाट झोपेची. मेंदूत एक घड्याळ असतं आणि ते रोज सकाळच्या उजेडानं जुळवलं जातं. सकाळी उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप त्या हिशेबानं येते. टाळेबंदीत काय झालं? दहाचा ऑनलाइन तास पांघरुणातूनच, कॅमेरा बंद. पडदे ओढलेले. रात्री दोनपर्यंत मोबाइल, म्हणजे नको त्या वेळी उजेड. घड्याळ रोज थोडं थोडं मागं पडत गेलं आणि महिन्याभरात पोरगं पहाटे चारला झोपून दुपारी बाराला उठायला लागलं. घरच्यांनी त्याला आळस म्हटलं. खरं तर रोज विजापूरची रात्रगाडी पकडणाऱ्या माणसासारखी त्याच्या शरीराची अवस्था झाली होती. दिवसा शरीर हललं, बाहेरचा उजेड मिळाला, की हे घड्याळ परत जागेवर येतं.

दुसरी वाट धडधडीची. चिंतेत छाती धडधडते, श्वास लागतो, आणि त्यालाच माणूस घाबरतो. व्यायामातही तेच होतं, फक्त तिथं कारण माहीत असतं आणि पाच मिनिटांत सगळं शांत होतं. हे पुन्हा पुन्हा अनुभवलं की धडधडीची भीती कमी होते.

तिसरी वाट एकाच जागी घोळणाऱ्या विचारांची. बैठका मोजताना सेमिस्टरचा निकाल डोक्यात घोळवणं अवघड जातं. शिवाय ठरवलेलं एक काम झालं, याची नोंद मन घेतं. मानसोपचारात याच तत्त्वावर एक उपचारपद्धत उभी आहे: मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही, आधी छोटी कृती करायची, मन मागून येतं.

"पण हे उलटंही असू शकेल ना?"

असू शकतं, आणि ही शंका रास्त आहे. व्यायाम करणारे खुशाल दिसले याचा अर्थ व्यायामामुळंच खुशाल झाले असा लगेच होत नाही. ज्यांचं मन आधीपासून बरं होतं तेच व्यायामाला उठले असतील. किंवा तिसरंच काही असेल: ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, गच्ची आहे, पगार चालू आहे, त्याला व्यायामही जमतो आणि त्याचं मनही शांत राहतं. साथीच्या काळात फॉर्म मोबाइलवरून पाठवले गेले. कणकुंबी-जांबोटीकडच्या रानात, जिथं रेंजच धड नाही, तिथल्या मुलांच्या हाती ते किती पोचले असतील? शिवाय 'साथीआधी किती चालत होता' हे आठवून लिहिलेलं. आठवण फसवते.

म्हणून एकाच वेळी भरून घेतलेल्या सर्वेक्षणापेक्षा, तीच माणसं वर्षानुवर्षं पाहणारे अभ्यास जास्त भरवशाचे. अशा १५ अभ्यासांचा, मिळून १ लाख ९० हजारांहून जास्त लोकांचा एकत्रित हिशेब २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला अडीच तास झपझप चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत, काहीच न करणाऱ्यांपेक्षा नैराश्याचा धोका २५ टक्क्यांनी कमी होता. त्याच्या निम्मा व्यायाम करणाऱ्यांतही तो १८ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे सगळ्यात मोठी उडी शून्यापासून थोड्यापर्यंतची. आठवड्याला ७५ मिनिटं, रोजची अकरा.

हे अभ्यास साथीच्या काळातल्या विद्यार्थ्यांचे नव्हते. आणि कार्यकारणाची दोरी दोन्ही बाजूंनी ओढली जाते हे त्यांनंतरही खरंच राहतं. त्यातून घरच्यांनी घ्यायचं ते एवढंच: व्यायाम सुटला तर त्याला मनाच्या दुखण्याचं लक्षण समजा, दोष समजू नका.

किती, आणि दहा बाय दहाच्या खोलीत कसा?

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं माप असं: १८ ते ६४ वयाच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. मध्यम म्हणजे किती? व्यायाम करताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो दमवणारा.

पुन्हा कधी घरात अडकायची वेळ आली, किंवा बेळगावचा जुलैचा पाऊस लागला आणि गच्चीही नाही रस्ताही नाही, तर सोप्यात एक सतरंजी अंथरण्याइतकी जागा पुरते. पहिली तीन मिनिटं जागच्या जागी पावलं टाकायची, खांदे आणि कंबर फिरवायची. मग एक फेरी: १० बैठका, ६ जोर, पालथं होऊन कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ तोलून २० सेकंद, आणि मिनिटभर जिन्याच्या पायरीवर चढउतर. मग मिनिटभर विश्रांती. पहिल्या आठवड्यात अशा दोन फेऱ्या, दुसऱ्यात तीन, चौथ्यापासून चार. सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत होतं.

बिघडतं कुठं? पहिल्याच दिवशी. तालमीत बघितलेलं असतं म्हणून पोरगं एका दमात शंभर बैठका मारतं. व्यायामाची सवय नसलेले स्नायू एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त ठणकतात, जिना उतरवत नाही, आणि चौथ्या दिवशी व्यायाम कायमचा बंद. म्हणून दहा. ठणका सहन होण्यापलीकडं गेला आणि लघवी चहाच्या कोऱ्या डिकाशनसारखी गडद झाली तर थेट दवाखाना. स्नायू तुटून मूत्रपिंडांवर ताण आल्याची ती खूण असते.

तालमीतली बैठक टाचा उचलून, पार खाली बसून मारतात. नवख्याच्या गुडघ्यावर तिचा ताण जास्त येतो. मागं खुर्ची ठेवावी, टाचा जमिनीला टेकलेल्या, आणि खुर्चीला टेकलं न टेकलं की उठावं. जोर जमत नसतील तर ओट्यावर हात टेकून मारावेत. कंबर लोंबकळू द्यायची नाही. श्वास कोंडायचा नाही, नाहीतर चक्कर येते. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून हे काही करू नये. तोंडाला मास्क लावून दमवणारा व्यायामही नको. साथीत गर्दी टाळायची ती अंतर ठेवून. तालमीतली कुस्ती मात्र अंगाला अंग लावूनच होते, तिला घरात पर्याय नाही. पैलवान पोरांना याचं दुःख जास्त झालं आणि ते समजून घ्यायला हवं.

वेळ आधीच्याच एखाद्या सवयीला बांधावी. 'सकाळी करीन' असं म्हटलं तर होत नाही, 'पहिल्या चहाच्या आधी' म्हटलं तर होतं. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त हलवू नये. उठल्यावर वीस-तीस मिनिटं परड्यात, गॅलरीत, दारात, जिथं उजेड असेल तिथं थांबावं. मोबाइल रात्री झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला. आणि आठवड्यात किमान दोनदा कुणाबरोबर तरी व्यायाम करावा. घरातला भाऊ चालेल, व्हिडिओ कॉलवरचा मित्र चालेल.

"घरात झाडलोट, पाणी, भात लावणी करतेच की!"

शरीराच्या खात्यात हे नक्की जमा होतं. खानापूर भागात जुलैत चिखलात वाकून रोप लावणाऱ्या मुलीला मेट-मिनिटांचा हिशेब शिकवायची गरज नाही. तिच्यावर आणखी बैठका लादू नयेत. पण मनाच्या खात्यातला जमाखर्च वेगळा निघतो. मोकळ्या वेळात आपणहून केलेली हालचाल आणि कुठंतरी जाण्यासाठी केलेलं चालणं यांचा खुशालीशी जसा संबंध दिसतो, तसा घरकामाचा आणि कामावरच्या कष्टांचा दिसत नाही. त्यात निवड नसते, सोबत नसते, बहुतेकदा आभारही नसतात. साथीत कितीतरी मुलींचं कॉलेज बंद झालं आणि स्वयंपाकघर दुप्पट झालं. भाऊ ऑनलाइन तासाला, बहीण भांड्याला. अशा घरात मुलीला रोज अर्धा तास स्वतःचा मिळवून देणं, गच्चीवर एकटीनं किंवा मैत्रिणीबरोबर चालायला, हे तिच्या मनासाठी जास्त मोलाचं.

कोविड होऊन गेला असेल तर

घाई नको. लक्षणं पूर्ण गेल्यावर किमान आठवडाभर थांबावं, मग हळू चालण्यापासून सुरुवात करावी आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटतं ते बघावं. छातीत दुखणं, विनाकारण धडधड, चक्कर, थोड्या चालण्यानं धाप, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर. काहींना व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग पार गळून जातं. त्यांनी नेटानं रेटू नये. रेटल्यानं ते वाढतं.

व्यायामानं भागत नाही तेव्हा

सौम्य त्रासात व्यायाम मदत करतो. मध्यम आणि तीव्र नैराश्यात तो उपचारांच्या जोडीला चालतो, उपचारांऐवजी नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळपास रोज, कशातच मन लागत नाही, झोप आणि भूक बदलली आहे, अभ्यासाचं एक पान पुढं सरकत नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटतं, तर त्याला 'जरा पळून ये' सांगू नये. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही. 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का' असं सरळ विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटं सोडू नये, आणि घरातल्या गोळ्या व शेतीची औषधं कुलपात ठेवावीत.

१४४१६ हा टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक, फुकट आणि चोवीस तास. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. भाषा निवडता येते, त्यामुळं कन्नड जमत नाही म्हणून अडून राहू नये. प्रत्यक्ष दाखवायचं तर बेळगावचं जिल्हा रुग्णालय आहे आणि धारवाडला डिमहान्स ही मनाच्या आजारांची सरकारी संस्था आहे. 'नाव फुटेल, लग्न मोडेल' ही भीती खरी आहे, म्हणून हे सांगायला हवं: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नयेत, आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारताही नाही.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: हे कधीपासून आहे, रात्री किती वाजता झोप लागते आणि किती वाजता जाग येते, आधी जमायचं पण आता जमत नाही असं काय, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत. मराठीत लिहिलं तरी चालतं. समोर बसल्यावर शब्द फुटले नाहीत, तर तो कागद टेबलावर पुढं सरकवावा.